दशांश विस्तारात दडलेल्या क्रमिका : नियम अंकांत मोडतो, बाकीत मोडत नाही

अंत्रूज (धागाकर्ता)

१ ला ८९ ने भागले तर दशांशचिन्हानंतर ०११२३५९५५०५६१७९७७५२८०८९८८७६४०४४९४३८२०२२४७१९१ असे ४४ अंक येतात आणि पुढे हेच अंक त्याच क्रमाने येत राहतात. सुरुवातीचे ०, १, १, २, ३, ५ वाचताच ज्या क्रमिकेत प्रत्येक पद हे आधीच्या दोन पदांची बेरीज असते ती फिबोनाची क्रमिका डोळ्यांसमोर येते. परंतु ५ नंतर ८ यायला हवा तेथे ९ आहे, त्यानंतर १३ चा मागमूस नाही, आणि पुढचे अंक तर सर्वस्वी अनोळखी वाटतात. फोंडा तालुक्यातील एका विद्यालयात मी नववीला गणित शिकवतो. आवर्ती दशांश अपूर्णांकांच्या वेळी हे उदाहरण फळ्यावर आले की कोणीतरी विद्यार्थी विचारतोच, "सर, सहा अंकांत मोडला तो नियम कसला?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला 'हा योगायोग आहे' किंवा 'ही गणितातील गंमत आहे' असे उत्तर देणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून हा विषय येथे सविस्तर मांडतो आहे.

प्रथम ८ चा ९ कसा झाला ते पाहू. फिबोनाचीचे प्रत्येक पद एकेक स्थान उजवीकडे सरकवून एकाखाली एक लिहावे.

०.०१
०.००१
०.०००२
०.००००३
०.०००००५
०.००००००८
०.००००००१३
०.०००००००२१
०.००००००००३४

पाचपर्यंतची पदे एकअंकी असल्यामुळे प्रत्येकाला स्वतःचे स्वतंत्र स्थान मिळते. १३ ला मात्र दोन स्थाने लागतात, त्यामुळे त्यातील १ नेमका ८ च्या डोक्यावर जातो आणि तेथे ९ दिसू लागतो. २१ मधील २ हा १३ मधील ३ मध्ये मिसळून ५ होतो. पुढे ३४, ५५, ८९, १४४ या सगळ्यांची अशीच सरमिसळ होत जाते. भरतीच्या वेळी मांडवीचे पाणी उलट दिशेने आत शिरावे तसे हातचे उजवीकडून डावीकडे येत राहतात. पदे आपापल्या जागी आहेतच, फक्त ती आपल्याला सुटी दिसत नाहीत.

हे पटवून घ्यायचे असेल तर पदांना अधिक जागा द्यावी. ८९ ऐवजी ९८९९ घेतले तर प्रत्येक पदाला दोन स्थाने मिळतात :

१/९८९९ = ०.०० ०१ ०१ ०२ ०३ ०५ ०८ १३ २१ ३४ ५५ ९० ४६ ३६ ...

५५ पर्यंत सर्व शुद्ध आहे. ८९ च्या जागी ९० दिसतात, कारण पुढच्या १४४ मधील शंभराचा १ त्यात आला. तीन स्थाने हवी असतील तर ९९८९९९ घ्यावे. तेथे ००१, ००१, ००२ पासून निघून ०८९, १४४, २३३, ३७७, ६१० पर्यंत एकही पद डागाळत नाही, आणि ९८७ च्या जागी ९८८ येतात, कारण त्यापुढचे पद १५९७ आहे.

आता ८९, ९८९९, ९९८९९९ हे छेद कोठून आले? एका स्थानाची किंमत १० असेल तर १०० − १० − १ = ८९. दोन स्थानांचा गट केला तर १०००० − १०० − १ = ९८९९. तीन स्थानांचा केला तर १०००००० − १००० − १ = ९९८९९९. वरच्या सरकवलेल्या बेरजेला 'स' म्हणू. स ची १०० पट घेतली, त्यातून १० पट वजा केली आणि मग स्वतः स वजा केला, तर प्रत्येक स्थानी 'एक पद वजा त्याच्या आधीचे पद वजा त्याच्याही आधीचे पद' असे उरते. फिबोनाचीच्या नियमानेच ते शून्य आहे. फक्त सर्वांत पहिल्या स्थानी १ शिल्लक राहतो. म्हणजे ८९ × स = १, आणि म्हणून स = १/८९. यापलीकडे काही रहस्य नाही, पण हे कळल्यावर उदाहरण माझ्या दृष्टीने अधिकच सुंदर होते, कारण आता आपल्याला हवा तो नियम छेदात लिहिता येतो. शेजारच्या दोन पदांऐवजी 'आधीच्या पदाची दुप्पट आणि त्याआधीचे पद' असा नियम घेतला तर छेद १०००० − २०० − १ = ९७९९ होतो आणि १/९७९९ च्या विस्तारात ०१, ०२, ०५, १२, २९ ही पेल संख्यांची मालिका मिळते.

वर्गसंख्यांसाठीही असा अपूर्णांक आहे. १००१०००/९९७००२९९९ हा भागाकार करून पाहावा, त्यात ००१, ००४, ००९, ०१६, ०२५, ०३६ हे गट ओळीने येतात. आपणांपैकी कोणाला असे आणखी अपूर्णांक ठाऊक असतील, किंवा यामागील कारणांविषयी काही सांगायचे असेल, तर अवश्य लिहावे.

सुरंगी

अंत्रूज सर, धागा फार आवडला. मडगावच्या एका बँकेत नोकरीत असताना चक्रवाढ व्याजाचे हिशेब करता करता मला १/९८ ची ओढ लागली आणि ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

१/९८ = ०.०१ ०२ ०४ ०८ १६ ३२ ६५ ३० ६१ २२ ४४ ८९ ७९ ५९ ...

येथे प्रत्येक गट आधीच्या गटाच्या दुप्पट आहे, कारण ९८ = १०० − २. ६४ चे ६५ होतात ते १२८ मधील १ मुळे. १/९७ घेतले तर तिप्पट होत जाते : ०१, ०३, ०९, २७, आणि मग ८१ ऐवजी ८३, कारण २४३ मधील २ त्यात मिसळतो.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो १/७. आपल्या सर्वांना पाठ असलेले १४२८५७ हे आवर्तन खरे तर दुपटीचीच मालिका आहे. १/७ म्हणजेच १४/९८, म्हणून १४ पासून दुप्पट करत निघावे : १४, २८, ५६, ११२, २२४, ४४८... दोन-दोन स्थाने सरकवून यांची बेरीज केली तर ५६ मध्ये ११२ चा १ मिळून ५७ होतात, ११२ चे उरलेले १२ आणि २२४ चे २ मिळून पुन्हा १४ होतात, त्यानंतर २४ आणि ४ मिळून पुन्हा २८. दुप्पट होत होत अनंताकडे जाणाऱ्या संख्या स्वतःच्याच हातच्यांमुळे पुन्हा १४ वर येतात, हे मी कितीदा तरी कागदावर करून पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी तितकेच समाधान मिळते.

तिसवाडी

मी पणजीच्या एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. सुरंगीताईंच्या शेवटच्या वाक्यातच माझी अडचण आहे. फिबोनाची संख्या कोठेही थांबत नाहीत, त्या वाढतच जातात आणि कधीही पुन्हा त्याच त्या येत नाहीत. १/८९ चे अंक मात्र ४४ स्थानांनंतर पुन्हा तेच येतात. न थांबणारी, न परतणारी क्रमिका परतणाऱ्या अंकांत मावते तरी कशी? सरकवलेली बेरीज मला समजली, समीकरणही पटले, तरीही मधल्या स्थानांवर नेमके काय घडते याचे चित्र डोळ्यांसमोर येत नाही. शिवाय गणकयंत्रावर दहा-बारा अंक दिसतात आणि एक्सेलमध्ये १५ च्या पुढचे अंक विश्वासार्ह नसतात, त्यामुळे पुढचे तपासावे कसे हाही प्रश्न आहे.

खाजन

तिसवाडी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. पायथॉन या संगणकीय भाषेत पूर्णांकांना लांबीची मर्यादा नसते. दहाचा २०० वा घात घेऊन त्याला ८९ ने पूर्णांक भागाकाराच्या चिन्हाने भागावे, १/८९ चे दशांशचिन्हानंतरचे २०० अंक बिनचूक मिळतात. सुरुवातीचे शून्य तेवढे आपण ध्यानात ठेवायचे.

पहिला प्रश्न मात्र या विषयाचा गाभा आहे असे मला वाटते, म्हणून त्यावर जरा लांबण लावतो. आतापर्यंत आपण सगळे भागाकाराकडे पाहत आहोत. दिवाडीच्या शाळेत आम्ही पाटीवर भागाकार मांडायचो तसा तो मांडा आणि या वेळी नजर वरच्या अंकांवर न ठेवता खाली उरणाऱ्या बाकीवर ठेवा.

सुरुवात १ ने. शून्य जोडून १० झाले, ८९ एकदाही जात नाही, बाकी १०.
१०० मध्ये ८९ एकदा, बाकी ११.
११० मध्ये एकदा, बाकी २१.
२१० मध्ये दोनदा, बाकी ३२.
३२० मध्ये तीनदा, बाकी ५३.
५३० मध्ये पाचदा, बाकी ८५.
८५० मध्ये नऊदा, बाकी ४९.
४९० मध्ये पाचदा, बाकी ४५.
४५० मध्ये पाचदा, बाकी ५.
५० मध्ये एकदाही नाही, बाकी ५०.
५०० मध्ये पाचदा, बाकी ५५.
५५० मध्ये सहादा, बाकी १६.

आता बाक्या ओळीने वाचा : १, १०, ११, २१, ३२, ५३, ८५, ४९, ४५, ५, ५०, ५५, १६. एक आणि दहा अकरा, दहा आणि अकरा एकवीस, अकरा आणि एकवीस बत्तीस, पुढे त्रेपन्न, पुढे पंच्याऐंशी. ५३ आणि ८५ यांची बेरीज १३८ होते, त्यातून ८९ वजा केले की ४९ उरतात. ८५ आणि ४९ मिळून १३४, वजा ८९ म्हणजे ४५. ४९ आणि ४५ मिळून ९४, वजा ८९ म्हणजे ५. बेरीज ८९ च्या पुढे गेली की ८९ काढून टाकायचे, एवढी एकच अट. ती पाळली तर फिबोनाचीचा नियम एकाही पायरीवर मोडत नाही, अगदी ४४ व्या बाकीपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक फेरीत.

कारणही सोपे आहे. १०० ला ८९ ने भागले तर ११ उरतात, आणि ११ म्हणजे १० + १. कोणतीही बाकी घ्या. तिच्या पुढची बाकी तिच्या १० पटीतून मिळते, त्याच्याही पुढची १०० पटीतून, आणि ८९ च्या हिशेबात १०० पट म्हणजेच १० पट अधिक १ पट. म्हणून प्रत्येक बाकी ही आधीच्या दोन बाक्यांची बेरीज असते.

अंत्रूज सरांच्या विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे असे माझे मत आहे. नियम मोडलेलाच नाही. अंक हे बाकीवरून पडणारे उत्तर आहे, बाकी किती मोठी आहे याचा ढोबळ अंदाज तेवढा ते देतात. ८५ ही बाकी ८९ च्या अगदी जवळ आहे, म्हणून तिच्या दहापटीत ८९ नऊदा बसले आणि आपल्याला ८ च्या जागी ९ दिसला. नियम बाक्यांत राहतो आणि तेथे तो अखंड आहे.

तिसवाडी यांची शंकाही यानेच मिटावी. ८९ ने भागताना बाकी १ ते ८८ यांच्यातीलच असू शकते, त्यामुळे कधी ना कधी एखादी बाकी पुन्हा येणारच, आणि ती आली की पुढचे सर्व पूर्वीसारखेच घडणार. येथे ४४ पायऱ्यांनी १ पुन्हा येतो. दुसरीकडे खुद्द फिबोनाची संख्यांना ८९ ने भागून फक्त बाक्या लिहीत गेले, तर त्याही ४४ पदांनंतर पुन्हा ०, १ वर येतात. संख्या वाढत राहतात, त्यांच्या ८९ च्या बाक्या मात्र फेरी मारतात, आणि भागाकाराला बाकीशिवाय दुसरे काही दिसतच नाही.

सुरंगीताईंच्या १/९८ चेही तेच. दोन-दोन शून्ये जोडून भागाकार केला तर बाक्या १, २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि मग १२८ − ९८ = ३०, ६०, १२० − ९८ = २२, ४४, ८८ अशा येतात. निव्वळ दुप्पट, कोठेही डाग नाही, कारण १०० ला ९८ ने भागले की बाकी २ उरते. ७ ने भागतानाही १०० ची बाकी २ च आहे, म्हणून १/७ मध्येही दुप्पट दिसते.

एक मर्यादा नोंदवतो. कोणतीही क्रमिका अशी बसवता येईल असे नाही. १, २, ६, २४, १२०, ७२० ही क्रमगुणितांची क्रमिका घेतली तर गटाला कितीही स्थाने दिली तरी पदे शेवटी स्थानांपेक्षा वेगाने वाढतात आणि सरकवलेली बेरीज कोणत्याही संख्येजवळ स्थिरावत नाही. फिबोनाचीचे पद दर पायरीला साधारण १.६१८ पट होते आणि स्थान दहापट लहान होते, म्हणून तेथे जमते.

माटोळी

मी पेडणे तालुक्यात संस्कृत शिकवते, त्यामुळे गणितात मी भर घालू शकणार नाही, परंतु या संख्यांचा छंदशास्त्राशी असलेला संबंध येथे नोंदवला जावा असे वाटते. लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन. चार मात्रांची ओळ किती प्रकारे रचता येईल? गुरू-गुरू, लघु-लघु-गुरू, लघु-गुरू-लघु, गुरू-लघु-लघु आणि चारही लघु. एकूण पाच. ओळीचे शेवटचे अक्षर लघु असेल तर त्याआधी एक मात्रा कमी असलेली ओळ असते, गुरू असेल तर दोन मात्रा कमी असलेली, म्हणून मागच्या दोन संख्यांची बेरीज होते : १, २, ३, ५, ८, १३. ही रीत छंदशास्त्रकार विरहांकाने सांगितली आहे आणि बाराव्या शतकात हेमचंद्रानेही ती दिली आहे. इटलीतील फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ सालचा आहे. चवथीच्या आरत्या म्हणताना आपण ज्या मात्रा सहज सांभाळतो त्यांचीच ही मोजणी आहे.

एक प्रश्नही विचारते. नारायण पंडिताच्या १३५६ सालच्या 'गणितकौमुदी'त गाईंचे एक उदाहरण आहे. एक गाय दर वर्षी एक वासरू देते. प्रत्येक वासरू तीन वर्षांचे झाल्यावर तेही दर वर्षी एक वासरू देऊ लागते. तर २० वर्षांनी एकूण गाई-वासरे किती? ही क्रमिकाही एखाद्या अपूर्णांकात बसवता येईल का?

सुरंगी

माटोळीताईंच्या प्रश्नाचे उत्तर सर किंवा खाजन देतीलच. तोवर एक जुने कोडे. १/८१ = ०.०१२३४५६७९ ०१२३४५६७९... यातून ८ गळतो. १/९८०१ मध्ये ००, ०१, ०२, ०३ पासून ९७ पर्यंत सगळे गट ओळीने येतात, नंतर थेट ९९ येतो आणि मग पुन्हा ००. केवळ ९८ गळतो. १/९९८००१ मध्ये ००० पासून ९९९ पर्यंत सगळे गट आहेत, नाहीत ते फक्त ९९८. नेमके शेवटून दुसरेच का गळते?

हातच्याने ते मला असे समजले : ..., ७, ८, ९, १०, ११ ही पदे एकेक स्थान सरकवून लिहिली तर १० चा १ हा ९ वर जातो, त्याचे १० होतात, त्याचा १ हा ८ वर जातो आणि ८ चा ९ होतो. ८ नाहीसा झालेला नसतो, त्याचाच ९ झालेला असतो. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर ज्यांना डेम्लो संख्या म्हणत त्यांतही हेच आहे. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ असा देखणा येतो, आणि दहा एकांचा वर्ग करताच तो १२३४५६७९००९८७६५४३२१ होतो. वर चढणाऱ्या ओळीतला ८ येथेही तसाच गेला. १/८१ हा १/९ चा, म्हणजे ०.१११... चा वर्ग असल्यामुळे हे साहजिकच म्हणायचे.

खाजन

सुरंगीताई, तुमचे स्पष्टीकरण पुरेसे आहे. तरी बाक्यांची बाजू मांडतो, कारण त्यात गळतीची जागा आपोआप सापडते. ८१ ने भागताना बाक्या १, १०, १९, २८, ३७, ४६, ५५, ६४, ७३ अशा येतात. दर वेळी ९ ची वाढ आहे आणि त्यानंतरचे ८२ म्हणजे पुन्हा १. एकूण ९ बाक्या आहेत, म्हणून आवर्तनात अंक ९ च असणार, आणि ० ते ९ हे तर दहा अंक आहेत. एकाला वगळल्याशिवाय गत्यंतर नाही. शेवटची बाकी ७३, तिची दहापट ७३०, त्यात ८१ नऊदा जाते. आठदा जाऊन ८२ उरले असते, पण बाकी ८१ पेक्षा लहान असावीच लागते, म्हणून आणखी एकदा भाग जातो. ९८०१ मध्येही बाक्या १, १००, १९९, २९८ अशा ९९-९९ ने वाढतात, त्या ९९ आहेत, आणि शेवटची ९७०३ ही अशीच एक भाग जास्त देते.

तिसवाडी

खाजन सर, बाक्यांची कल्पना डोक्यात ठेवून मी आणखी एक गोष्ट तपासली, ती मांडतो. स्वामी भारती कृष्ण तीर्थांच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या 'वैदिक गणित' या ग्रंथात १/१९ चे आवर्तन उजवीकडून डावीकडे लिहिण्याची रीत आहे. शेवटचा अंक १ लिहायचा, १९ मधील दशकाचा १, त्यात एक मिळवून २, म्हणून दर वेळी दुप्पट करत डावीकडे जायचे आणि हातचा पुढच्या दुपटीत मिळवायचा. १, २, ४, ८, मग १६ मधील ६ लिहून हातचा १, मग १३ मधील ३... शेवटी ०५२६३१५७८९४७३६८४२१ हे १८ अंकी आवर्तन पूर्ण होते. प्रत्येक पायरीवर हातचा आणि अंक एकत्र वाचले तर १, २, ४, ८, १६, १३, ७, १४, ९, १८, १७, १५, ११ असे दिसते. ही १९ ओलांडली की १९ वजा करणारी दुप्पट आहे. म्हणजे भागाकाराच्या बाक्याच, उलट्या क्रमाने.

हीच रीत १०९ ला लावली. येथे १० मध्ये एक मिळवून ११, म्हणून दर पायरीला ११ ने गुणायचे. हातचा आणि अंक एकत्र वाचत गेलो : १, ११, १२, २३, ३५, ५८, ९३, ४२. प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज आहे, आणि ५८ व ९३ यांचे १५१ होताच १०९ वजा होऊन ४२ उरतात. म्हणून १/१०९ चे १०८ अंकी आवर्तन ...६२३८५३२११ असे संपते, आणि शेवटाकडून वाचले तर १, १, २, ३, ५, ८ मिळतात. ८९ मध्ये जी क्रमिका पुढून येते ती १०९ मध्ये मागून येते, कारण १०९ = १०० + १० − १.

अंत्रूज

तिसवाडी, हे फारच छान शोधलेत. या रीतीचा वेदांतील सूत्रांशी संबंध आहे की नाही यावर अन्यत्र पुष्कळ वाद झालेला आहे. तो वाद येथे नको असे मी सर्वांना सुचवतो, कारण रीत बरोबर का आहे हे आपण बाक्यांवरून स्वतंत्रपणे सिद्ध करू शकतो आणि आपल्या विषयाला तेवढे पुरते.

वर्गात हमखास येणाऱ्या आणखी एका प्रश्नाचा उल्लेख करतो. ८९ ही स्वतःच अकरावी फिबोनाची संख्या आहे, तिच्या छेदात फिबोनाची यावी हा योगायोग आहे का? पुरावा पाहिला तर छेद १०० − १० − १ मधून आला आहे, त्याचे फिबोनाची असणे कोठेही वापरलेले नाही. ९८९९ = १९ × ५२१ ही फिबोनाची संख्या नाही, तरीही तेथे क्रमिका दिसतेच. दशमान सोडून अन्य पायांत, म्हणजे एका स्थानाची किंमत १० ऐवजी दुसरी धरून, लिहिले तर पाया ३ मध्ये छेद ९ − ३ − १ = ५ आणि पाया ८ मध्ये ६४ − ८ − १ = ५५ होतो, आणि या दोन्ही फिबोनाची संख्या आहेत. पाया २ मध्ये छेद १ येतो. २, ३, ८ आणि १० याव्यतिरिक्त दुसऱ्या कोणत्याही पायात असे घडत नाही, हे डच गणिती डी वेगर यांनी १९९५ साली सिद्ध केले. आपण नेहमी वापरतो तो पाया त्या चारांत आहे, इतकाच यातला योगायोगाचा भाग.

खाजन

माटोळीताई, तुमच्या गाईंचे उत्तर देतो. यंदाची एकूण संख्या म्हणजे गेल्या वर्षीची संख्या अधिक यंदा जन्मलेली वासरे, आणि यंदा वासरू देणाऱ्या गाई म्हणजे तीन वर्षांपूर्वी जेवढी गुरे होती तेवढी. म्हणून नियम असा : आधीचे पद अधिक तीन पदांपूर्वीचे पद. क्रमिका १, १, १, २, ३, ४, ६, ९, १३, १९, २८, ४१, ६०, ८८, १२९ अशी जाते. अंत्रूज सरांच्या रीतीने हा नियम छेदात लिहिला तर दोन स्थानांच्या गटासाठी १०००००० − १०००० − १ = ९८९९९९ मिळतात, आणि

१/९८९९९९ = ०.०० ०० ०१ ०१ ०१ ०२ ०३ ०४ ०६ ०९ १३ १९ २८ ४१ ६० ८९ ...

शेवटचे ८९ म्हणजे ८८ आणि १२९ मधील शंभराचा १.

नारायण पंडिताच्या २० वर्षांपर्यंत पोहोचायला चार स्थानांचे गट हवेत. त्यासाठी छेद ९९९८९९९९९९९९ होतो. एक गाय असलेले आरंभीचे वर्ष हे तिसरे '१' धरले, म्हणजे पाचवा गट, तर २० वर्षांनंतरची संख्या पंचविसाव्या गटात येते. भागाकार केला असता तो गट २७४५ असा मिळतो, आणि गणितकौमुदीतील उत्तरही २७४५ च आहे. पुढची पदे ४०२३, ५८९६ आणि ८६४१ अशी चारअंकीच असल्यामुळे या गटापर्यंत कोणताही हातचा पोहोचत नाही. पहिला डाग ८६४१ वर पडतो, तेथे ८६४२ दिसतात, कारण त्यापुढे १२६६४ आहेत. पंचविसावा गट म्हणजे दशांशचिन्हानंतरचे ९७ ते १०० हे अंक, तेव्हा तपासून पाहायचे असल्यास दहाच्या १०० व्या घाताला या छेदाने पूर्णांक भागाकार करून भागावे आणि आलेल्या उत्तराचे शेवटचे चार अंक पाहावेत.

माटोळी

आताच भाच्याकडून संगणकावर करून घेतले. शेवटचे चार अंक २७४५ आले, त्याआधीचे चार १८७३ आणि त्याआधीचे १२७८. उजवीकडून चार-चार अंक तोडत मागे गेले की एकेका वर्षाची गुरे क्रमाने मिळतात. खाजन सर, मनःपूर्वक आभार. पुढच्या आठवड्यात माझ्या विद्यार्थ्यांसमोर नारायण पंडिताचे उदाहरण येईल तेव्हा गणिताच्या बाईंनाही वर्गात बोलावणार आहे.